कोचाचे कापड

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८५३. रत्नागिरी.

परवा चिपळूणची मंडळी शांतेला पाहायला येणार, म्हणून कोचाला नवे कापड. मला विटकरी हवे होते. पिवळ्या भिंतींना शोभते, तांबडी धूळही दिसत नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, भिंतींचं काय घेऊन बसलात! विटकरीवर पोर आणखी काळी दिसेल. गडद निळं घ्या, त्यावर उजळेल."

मग मी दोन्ही तुकडे तिच्या गालाशी धरून पाहिले. आईच ना मी? ती म्हणाली, "आई, आधीचे दोन नकार आले तेव्हा तर मी चटईवर बसले होते."

निळेच ठरवले. आज संकष्टी. गणपतीपुढे बसले खरी, पण मागायला तोंडच उघडेना.