झुंबरबाईची वेणी

कोल्हापूर,
९ मार्च १९७९

प्रिय मीनू,

सहा वर्षांतलं माझं हे तुला पहिलंच पत्र. तुझी दिवाळीची भेटकार्डं मात्र दर वर्षी येत राहिली आणि सगळी मिळाली. प्रत्येक कार्डाखाली तू लिहायचीस, एकदा पुन्हा कोल्हापूरला यायचंय, तो दिवस विसरता येत नाही. मलाही तो विसरता आलेला नाही. उत्तर पाठवलं नाही म्हणून तू रागावली असशील, तर आज सगळं सविस्तर लिहिते.

आधी घरचं. अण्णा निवृत्त झाले आणि त्यांच्याच शाळेत आता मी चित्रकला शिकवते. आईचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. माझं लग्न झालं नाही. हॉस्टेलच्या खोलीत आपण दोघी पैज लावायचो ना, कुणाचं आधी होणार म्हणून? ती तू जिंकलीस.

तू आलीस तेव्हा नृसिंहरावांशी तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. थंडी होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरलीस ती नवी शाल पांघरून, आणि स्टेशनवरच म्हणालीस, काली, पाहुण्यांना दाखवतात ते नको, तुझं कोल्हापूर दाखव. मला काय दाखवू आणि काय नको असं झालं. पहिल्यांदा गंगावेशीत नेलं. समोर म्हैस उभी आणि पेला धारोष्ण दुधाच्या फेसाने भरलेला. तुझ्या वरच्या ओठावर फेसाची मिशी उमटली तेव्हा गवळी हसून म्हणाला, "पावणं, आनि एक घ्या की. मुंबईत ह्ये मिळायचं न्हाय." तू खरंच दुसरा पेला घेतलास. मग अंबाबाईचं दर्शन, महाद्वार रोडवरची बांगड्यांची दुकानं, गुजरीत सराफाकडे तू गळ्याला लावून पाहिलेला साज. घ्यायचा नव्हता, तरी आरशासमोरून हलेनास. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं तरी ताट पुढे सारलं नाहीस. इतक्या आनंदात मी माझ्याच गावात कधी फिरले नव्हते.

भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनीत आलो तेव्हा तुझं दुकानांकडे लक्ष नव्हतं. तू माझ्या पायांकडे बघत होतीस. ही कुठल्या दुकानातली, असं विचारलंस. ती दुकानातली नव्हतीच. म्हणून मी तुला कारागिरांच्या गल्लीत घेऊन गेले.

झुंबरबाई उंबऱ्यात बसली होती. कातड्याच्या पट्ट्यांचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून वेणी घालत होती. आत तिचा नवरा केरबा तळ कापत होता. मी तुला सांगितलं, की आपल्याकडची चप्पल जड, शहरातल्या बायका ती एकदा हौसेने घेतात आणि मग कोपऱ्यात टाकतात. म्हणून झुंबरबाई आणि मी मिळून ही बायकांची हलकी चप्पल केली. तळ पातळ, पट्टा निमुळता, त्यावर बारीक दुहेरी वेणी. मी चित्र काढायचं, तिने वेणी घालायची, न जमली की उसवायची. दोन वर्षं असं चाललं होतं. तुझ्यासमोरच ती म्हणाली, "ताई कागदावर रेघ वळवत्यात. पर कातडं वळाय नको व्हय?" आणि तू खळखळून हसलीस.

मग तू प्रश्न विचारायला लागलीस. कातडं कुठून येतं, कोण कमावतं, गल्लीत वेणी घालणाऱ्या बायका किती, हाताखाली माणसं मिळतात का, पेठ वडगावात कोण करतं, नेसरीकडे कोण. मी एकेक सांगत गेले. मीनू, मला तेव्हा फार बरं वाटत होतं. मी त्या गल्लीत जाते म्हणून आई माझ्याशी बोलणं टाकायची. माझ्या कामाबद्दल एवढ्या आस्थेने विचारणारी तू पहिलीच. निघताना झुंबरबाईने नुकताच झालेला एक जोड तुझ्या पायांत घातला आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्या ताईंची मैतरीण हाय," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसून मी उरलंसुरलं सगळं तुझ्यापुढे मांडलं. वेणी घालणाऱ्या बायकांची सोसायटी काढायची, तिचं महाद्वार रोडवर दुकान टाकायचं, बँकेचे साहेब कर्जाला जवळजवळ तयार झालेत. तू माझा हात हातात घेतलास. तुझ्या दुकानाची पहिली गिऱ्हाईक मी, असं म्हणालीस. रात्रीच्या गाडीने तू गेलीस आणि मी घरी येऊन आईशीसुद्धा गोड बोलले.

आषाढात तुमचा खरेदीचा माणूस जोतीराम गल्लीत आला. त्याच्याजवळ नमुन्याचा जोड होता, टाचेला जरा झिजलेला. झुंबरबाईने आपली वेणी लांबूनच ओळखली. मुंबईच्या नृसिंहरावांच्या कंपनीला असाच माल हवा, पैसे आगाऊ देतो, मात्र दुसऱ्या कुणासाठी हात लावायचा नाही, असं त्याने घरोघरी सांगितलं. वडगावात आणि नेसरीतही तो नेमक्या त्याच घरी गेला, ज्यांची नावं मी तुला सांगितली होती. त्या दिवाळीच्या तुझ्या कार्डात एक छापील जाहिरात होती. तुझ्या पायांत ती चप्पल, आणि खाली अक्षरं, रचना : मीनाक्षी.

पण तू जे केलंस त्यातलं सगळ्यात वाईट तुला ठाऊकच नसेल. झुंबरबाई माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. उभ्याउभ्या विचारलं, "ताई, तुमी त्यातलं किती घेतलं?" मी म्हटलं, मी काही घेतलं नाही. ती म्हणाली, "मग तिला गल्ली कुनी दावली?" आणि दारातूनच परत फिरली. त्यानंतर मी गल्लीत गेले की बायका पाठ फिरवून बसायच्या. मी त्यांना विकून खाल्लं, असं त्या धरून चालल्या होत्या. बँकेच्या साहेबांनी जाहिरात पुढे केली आणि म्हणाले, हा माल तर आधीच बाजारात आहे. मी शाळेची नोकरी धरली.

तुम्ही पुढे काय केलंत तेही मी लांबून बघत होते. दर वर्षी दर खाली आला. तीन वर्षांपूर्वी वेणी एकसारखी नाही म्हणून जोतीरामाने गल्लीचा माल परत पाठवला. केरबा तो माल डोक्यावर घेऊन मुंबईला तुमच्या ऑफिसात आला होता. त्याला दिवसभर जिन्यात बसवून ठेवलं. तू त्याच्या शेजारून वर गेलीस आणि परत खालीही आलीस. "वयनींनी बघितलं, पर वळखलं न्हाय," असं त्याने घरी येऊन सांगितलं. त्या रात्री झुंबरबाई जेवली नाही. सकाळी माझ्याकडे आली आणि या वेळी आत येऊन बसली. "चुकलं माझं, ताई. तुमाला बी तिनं असंच फसिवलं. आता त्या बाईचं काय करायचं ते सांगा," म्हणाली.

मी सांगितलं की भांडायचं नाही. जोतीराम म्हणेल त्याला व्हय म्हणायचं.

सोसायटी आम्ही गुपचूप काढली. अध्यक्ष झुंबरबाई. वडगावच्या आणि नेसरीच्या बायका एकेक करून आल्या. बँकेत आता दुसरे साहेब होते. जोतीरामाला यातलं काही दिसलं नाही, कारण पहिल्या वर्षानंतर तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापलीकडे कधी येतच नव्हता. गेल्या वर्षी एका जर्मन दुकानाची मोठी ऑर्डर तुम्हाला मिळाली तेव्हा केरबा त्याला म्हणाला, "आगाऊ काय नको. माल न्याल तवा द्या." आमच्या बायकांनी तुमचा पैसा हातात घेतला नाही आणि कसल्या कागदावर अंगठाही दिला नाही. गल्ली आता सुतासारखी सरळ आली, असं जोतीरामाने तुम्हाला कळवलं असेल.

जानेवारीत त्या दुकानाची जर्मन मालकीण स्वतः कोल्हापूरला आली. चप्पल होते कशी ते तिला बघायचं होतं. जोतीरामाला इंग्रजी येत नाही. दुभाषा हवा म्हणून तो आमच्या शाळेत आला आणि हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं. मीनू, हसू नकोस, तुझ्याच माणसाने मला हात जोडून नेलं. दिवसभर मी तिला गाव दाखवलं. गंगावेस, देऊळ, महाद्वार रोड, गुजरी, लाईन. तुला दाखवलं तेच आणि त्याच क्रमाने. मग गल्ली. तिने झुंबरबाईला विचारलं, ही कल्पना कुणाची? नृसिंहरावांनी तिला तुझं नाव सांगितलं होतं. झुंबरबाई काम न थांबवता म्हणाली, "चित्र ह्या ताईंचं, वेनी माझी. मुंबईच्या बाई एक दिस आल्याल्या, तवा आमीच त्यांच्या पायात घातली." मी तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. जोतीराम तेव्हा कोपऱ्यावर चहा सांगायला गेला होता; परत येऊन माझ्या इंग्रजीवर मान डोलवू लागला.

तिला खात्री पटेना म्हणून तिने पिशवीतून एक रंगीत दोरी काढली आणि अशी वेणी होईल का, असं विचारलं. झुंबरबाईने दोरी दोनदा उलटसुलट बघितली आणि चहा निवायच्या आत कातड्यात तीच वेणी घालून तिच्या मांडीवर ठेवली. महिन्याभरात त्या बाईचं पत्र सोसायटीला आलं. तुम्हाला दिलेली ऑर्डर तिने सोसायटीकडे वळवली आणि इथून पुढे ती आमच्याशीच थेट व्यवहार करणार आहे.

काल जोतीराम गल्लीत तुझी तार नाचवत फिरत होता. माल का येत नाही, ताबडतोब कळवा. म्हणून कळवते आहे. माल सोमवारीच मुंबई बंदरात गेला. पेट्यांवर सोसायटीचं नाव आहे आणि आत प्रत्येक जोडाला कागदाचा तुकडा लावला आहे, वेणी : झुंबरबाई. बोट कधी सुटते ते मी विचारून घेतलं आणि हे पत्र मुद्दाम थांबून टाकते आहे. तू वाचत असशील तेव्हा अडवण्यासारखं काही उरलेलं नसेल. जोतीरामाला बोल लावू नकोस, त्याला काही कळलं नाही. झुंबरबाई म्हणत होती, "जाऊ द्या ताई, सांगायचं कशाला, त्यांचं त्यांना कळंल." पण कुणी केलं हे तुला कळलं नसतं, तर माझी सहा वर्षं वाया गेली असती. मला वाटलं होतं, हे लिहिताना रागाने ओळी वाकड्या जातील. अक्षर बघ, कसं सरळ आलंय.

तुझीच,
कालिंदी