उजव्या वळणावरचा दिवा

आबा, तुमच्या नातीने मोटारगाडी बांधली आहे. विकत नाही घेतली, बांधली. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यातही आली नव्हती. आता चांगली जाणती बाई आहे. इथे आखातात, सीफला एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते, जनाबियात भाड्याच्या व्हिलात राहते, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, आणि राग आला की मात्र थेट आपल्या आईसारखी तोंड मिटून भांडी घासत बसते. अशा गाडीला किट कार म्हणतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चाकं, पत्रे सगळं खोक्यांतून येतं, आणि इंजिन आपलं आपण शोधायचं. तिने शोधलं ते मोटरसायकलचं. मोटरसायकल पडून मोडलेली, पण इंजिन शाबूत. हलकं, चपळ, आणि ओरडतं असं की कंपाउंडचा वॉचमन एका हाताने कान झाकून दुसऱ्याने गेट उघडतो. दर शुक्रवारी मी हिद्दहून तिच्याकडे जायचो आणि आम्ही दोघं गाडीखाली आडवे व्हायचो. तिची आई गेल्यापासून आमच्यात फारसं बोलणं उरलं नव्हतं. गाडीखाली ते पुन्हा सुरू झालं. बारा नंबरचा पाना दे, बॅटरी इकडे धर, एवढंच, पण बोलणंच ना ते.

मी अजून हिद्दच्या गॅरेजात आहे, फोरमन म्हणतात मला. शाळा तुम्ही घातलीत तेवढीच झाली, बाकीचं हातांनीच शिकून घेतलं. तुम्ही हयात असता तर गॅरेजात आल्या आल्या पहिल्यांदा कान दिला असतात, हे मला पक्कं माहीत आहे. मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळतानाही तुम्ही त्याच्याकडे बघत कमी आणि ऐकत जास्त होतात. आजकाल ऐकायचं काम दिव्यांकडे दिलंय. गाडीत समोर तेलाचा एक लाल दिवा असतो. इंजिनात तेल दाबाने फिरत असतं. तो दाब पडला की दिवा पेटतो. पेटलेला दिवा तसाच ठेवून चालवत राहिलं तर आतले लोखंडाचे भाग एकमेकांना खातात आणि इंजिन कायमचं बसतं. आता गंमत बघा, इथल्या खाऱ्या दमट हवेत दाब मोजणारे सेन्सर सडतात, तारा आतून हिरव्या पडतात. म्हणून आमच्या गॅरेजात दिवा पेटला की आधी दिव्यालाच खोटं पाडायची पद्धत आहे. आमचा केरळचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, "चाचा, ये बत्ती तो रोता बच्चा है. ऊपर काली टेप मारो, खलास." आणि खोटं कशाला सांगू, दहातल्या नऊ वेळा त्याचं बरोबर निघतं.

तर पोरगी गाडी घेऊन सखीरच्या रेसट्रॅकवर गेली. हौशी लोकांना तिथे आपापल्या गाड्या पळवायला देतात. परत आली ती पडलेलं तोंड घेऊन. लांबलचक उजवं वळण आलं की लाल दिवा लुकलुकतो, सरळ रस्ता आला की विझतो. "पप्पा, इट्स जस्ट द सेन्सर, राइट?" तिच्या आवाजात असं काही होतं की हो म्हणून टाकावंसं वाटलं. दोन वर्षं खपून बांधलेली गाडी, आणि पुढच्याच महिन्यात तिच्या ऑफिसातले सगळे ती पळताना बघायला यायचे होते. मी गाडी गॅरेजात आणवली. चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, विझला. म्हणजे बल्ब ठीक. सेन्सर नवा घातला. एक तार सांगाड्याला घासत होती, तीही बदलली. या इंजिनाला तेल बघायला बाजूला एक गोल काच असते; काचेत तेल पुरेसं. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं, कारण पातळ झालेलं तेल असेल तर मंद गतीला दिवा लागतो. नाही लागला. गॅरेजात ती गाडी नव्या नवरीसारखी शहाणी वागली. ट्रॅकवर नेली की पुन्हा तेच.

शेवटी मी विजेवर न चालणारा, साध्या काट्याने तेलाचा दाब दाखवणारा गेज काढला. त्याची नळी थेट इंजिनाला जोडली आणि गेज मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलो. हिद्दच्या मागे समुद्रात भर घालून केलेली मोकळी सपाट जमीन आहे, तिथे गेलो. म्हटलं, उजवीकडे गोल फिरव, आणि फिरवत राहा. ती फिरवू लागली. मी दाराच्या बाजूला, म्हणजे दार नाहीच त्या गाडीला, सांगाड्याच्या नळीवर फेकला गेलो. आणि मांडीवरचा काटा हळूहळू, अगदी दमलेल्या माणसाने खाली बसावं तसा, शून्याकडे उतरला. ती गाडी सरळ करते, काटा उठतो. पुन्हा वळवते, पुन्हा बसतो. समोर लाल दिवा. "थांब," मी म्हणालो. ती थांबली. "पप्पा? आर यू ओके?" मी त्या गाडीत नव्हतोच, आबा. मी आपल्या बंदरावर उभा होतो.

तुमची बोट भर हंगामात रिकामी परत येते आहे. इतर बोटी बाहेर, आणि आपली एकटी धक्क्याला लागते. नाखवा स्वतःची बोट रिकामी बघून धावत येतो, तांडेल सुकाणू सोडून खाली मान घालून उतरतो, खलाशी तुमच्याकडे बघत नाहीत. तुम्ही एवढंच म्हणता, "काटा पडला होता." बर्फ आणि जाळी एका अंगाला, वारा आडवा, बोट कललेली, आणि तेलाचा काटा खाली. तुम्ही बोट फिरवायला लावलीत. शहरातून मिस्त्री आणला, त्याने धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिन चालवून पाहिलं. काटा ताठ उभा. सगळे वाकून बघतात. नाखवा कमरेवर हात ठेवून हसतो, "इंजिनाला कायपण झालेलं नाय रे. जे झालंय ते याच्या काळजाला झालंय." त्यावर जे हसले त्यांत आपले नातेवाईकही होते. घरी आई चुलीपुढे बसली आहे, कुळथाचं पिठलं वाढते, आणि तुमच्याकडे न बघता विचारते, "आता कोण नेणार तुम्हाला?" तुम्ही जेवता. ताट धुऊन पालथं घालता. मग मी अंगणात तुमच्या मागे येतो आणि म्हणतो, आबा, एकदा चुकलं म्हणून टाका, नाखवा मनाने वाईट नाही. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी माझ्याकडे असं पाहिलंत की मारलं असतंत तर बरं झालं असतं. "जे चुकलं नाय ते चुकलं म्हणू?" एवढंच म्हणालात. पुढे कुठल्याच बोटीने तुम्हाला इंजिनावर घेतलं नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडत राहिलात, आणि मी इकडचा व्हिसा मिळताच निघून आलो. तुम्ही गेल्याचं मला फोनवर कळलं.

मुलीला मी नंतर समजावलं. मोटरसायकल वळताना अंगाने आत झुकते, तिच्याबरोबर तिच्या पोटातलं तेलही झुकतं, म्हणून ते तळाशी जागच्या जागी राहतं. तेच इंजिन चार चाकांवर बसवलं की गाडी झुकत नाही, सपाट राहून वळते, आणि तेल जाऊन बाजूच्या भिंतीला चढतं. तेल ओढणारं तोंड मधोमध असतं, ते नुसती हवा ओढतं. त्यात आम्ही इंजिनाखालचा, तेल साठतं तो तळ कापून उथळ केलेला, का, तर कंपाउंडच्या स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून. सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता. "सो इट वॉज नेव्हर द लाइट," ती म्हणाली. नव्हताच, मी म्हणालो. मग आम्ही तळाच्या आत आडव्या पट्ट्या बसवल्या, त्यांना एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा, म्हणजे तेल मध्ये येईल पण बाहेर पळणार नाही. मोकळ्या जागेवर पुन्हा गोल फिरलो. काटा जरासा हलला, पडला नाही. गेज काढून ठेवला.

गाडी ट्रॅकवर सगळ्यांना दाखवायचा तो शुक्रवार आला. तिच्या ऑफिसातले सात-आठ जण आले होते, डब्यातून सामोसे, थर्मासात चहा, सगळा थाट. ती हेल्मेट घालून निघाली. पहिली फेरी काय सुरेख गेली, आबा. एक पुण्याचा इंजिनिअर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला." दुसऱ्या फेरीत ती वेग कमी करून आत आली. सगळे गाडीभोवती जमले. काय झालं, काय झालं? लांब वळणावर दिवा लागला, ती म्हणाली, क्षणभरच, पण लागला. मी इंजिन चालू ठेवायला सांगितलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. गाडी सपाट जमिनीवर उभी, दिवा विझलेला. "अगं, आम्हाला तर मस्त पळताना दिसत होती," पुण्याचा म्हणाला. "कमॉन, एकच फेरी. एवढे लांबून आलोय." मागून दुसरा कोणी हसत बोलला, "दिवा नाही रे, वळण बघून लागला असेल ब्रेक." ती हेल्मेट हातात धरून उभी होती. कान लाल झालेले. माझ्याकडे वळली, आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "पप्पा, खरंच पेटला होता."

मी दिव्याकडे पाहिलं नाही. काचेत तेल पाहिलं नाही. "बरं केलंस आत आलीस," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. "इंजिन बंद कर. गाडी ट्रेलरवर चढवायची." तिने चावी फिरवली. मग माझ्या हातातली चहाची पेली घेतली आणि अर्धी पिऊन मला परत दिली. बाकीचे थोडा वेळ रेंगाळले, सामोसे संपवून गेले. आता आम्ही तळ खोल करून घेतोय. स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घालून न्यावी लागेल, तर नेऊ.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून इथेच राहील. पण एक सांगून टाकतो. मोकळ्या जागेवर काटा बसलेला पाहिला तेव्हा वाटलं, तुमचं उत्तर मिळालं. आता तेवढी खात्री नाही. कलत्या बोटीत ते इंजिन पुन्हा कोणी तपासलं नाही, नाखव्याने ती बोटही कधीच मोडीत काढली. तेव्हा तुमचा काटा खरा होता की खोटा, हे मला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. गंमत अशी की त्या शुक्रवारी पोरीचा दिवा खरा होता की नाही, हेही मला माहीत नव्हतं.