नाव न सांगता दिलेले थेंब

रविवार, ६ जानेवारी १९५७

आज सकाळी अंघोळ, पूजा झाल्यावर लवूच्या नाकात थेंब सोडले. दोन डाव्या, दोन उजव्या नाकपुडीत.

लवू समोरच्या खोलीत राहतो. आमच्याच गावचा. बाप गिरणीत होता, हा दोन वर्षांपूर्वी माहुलकडे तेल शुद्ध करण्याच्या नवीन कारखान्यात लागला. घाटकोपरहून रोज सायकलने जातो. पंधरा दिवस त्याचं कपाळ नि डोळ्यांखालची हाडं ठणकताहेत. वाकलं की जीव जातो म्हणतो. सुंठ उगाळून लेप दिला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकवलं. गवती चहाचा वाफारा दिला. शेवटी काल तोच म्हणाला, "भाऊ, वाफारो घेऊन घेऊन तोंड उकडला, डोक्यातलो दगड काय हलूक नाय. ता तुमचा पाणी घाला एकदा."

रात्री फळ पणतीत भिजत घातलं होतं. सकाळी पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. त्याला कॉटवर आडवा केला, मान खाली लोंबती. कापसाच्या बोळ्याने थेंब. ओरडला. ओरडतातच.

फळाचं नाव इथेही लिहीत नाही. गुणाजीमामांनी मला ही विद्या दिली तेव्हा ग्रामदेवतेपुढे समईवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. हात पसरायचा नाही. नाव फोडायचं नाही. आणि थेंब घातल्यावर रोग्याने गुण-अवगुण काही सांगायला यायचं नाही, आपणही विचारायचं नाही. देवीचं काम, देवीने बघावं. अठ्ठावीस वर्षं पाळलं.

मंगळवार, ८ जानेवारी

दोन दिवस लवूच्या नाकातून पिवळं पाणी वाहत होतं. आज समोर वाकून सायकलीत हवा भरताना दिसला. वाकून! देवी पावली.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. ही सकाळपासून तीळ भाजत होती. लवू तिळगूळ घ्यायला आला आणि दारातच हसत म्हणाला की डोक्यातला दगड गेला तो गेला, जाताना नाकही घेऊन गेला. मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणे, "वासच येणा नाय. काल नाल्यावरसून गेलंय तर बागेतसून गेल्यासारा वाटला. झकास!"

सांगायचं नसतं, हे या पोराला आधी बजावलं होतं. तरी सांगितलं. मी म्हटलं, सर्दीची कसर असेल, येईल वास.

हिच्या हातातली वाटी कलंडली. तीळ सगळे जमिनीवर. ही गोळा करत बसली.

गुरुवार, १७ जानेवारी

लवूच्या नाकाशी कापूर धरला. काही नाही. नाकात तूप सोडायला सांगितलं.

मंगळवार, २२ जानेवारी

 जसं घडलं तसं लिहितो.

संध्याकाळी कारखान्यातली दोन माणसं लवूला धरून घरी घेऊन आली. चेहरा राखेसारखा. पंपाच्या खोलीत कुठेतरी फट पडून वायू सुटला होता. वास आला तसे सगळे बाहेर पळाले. हा आतच. वाकून नट आवळत होता, शीळ घालत होता! बाहेर माणसं मोजली तेव्हा एक कमी. तोंडाला ओलं फडकं बांधून त्यांच्यातला एक आत शिरला नि याला ओढून बाहेर काढला. तोवर हा गुडघ्यांवर आला होता.

त्या माणसाने मला विचारलं, "याला वास कसा नाही आला हो?" लवूने माझ्याकडे पाहिलं. आणि त्याला म्हणाला, सर्दी झाली आहे.

माझ्यासाठी खोटं बोलला. आईबाप नसलेला पोर, माझ्या खोलीत जेवून वाढलेला. मी तिथे दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. 

बुधवार, २३ जानेवारी

माझ्या कामावर, लाकडाच्या वखारीत, रजा टाकली. लवूला विद्याधर डॉक्टरांकडे नेलं. स्टेशनजवळचे, तरुण आहेत, पण घाई नाही. नळी घालून, आरसा लावून बराच वेळ नाक पाहिलं. आत सगळं भाजल्यासारखं झालं आहे म्हणाले. काय घातलं होतं?

मी म्हटलं, एका फळाचं पाणी.

कसलं फळ?

मी म्हटलं, ते सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "भाऊ, मी तुमच्यावर खटला भरत नाही. पण आत काय गेलंय ते कळल्याशिवाय मी औषध कुठलं देऊ? अजून आठ-दहा दिवस हातात आहेत. नंतर आला वास तर आला."

मी विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला! परत येताना लवू सायकल हातात धरून चालत होता. नाव सांगा, असं एकदाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की वास येत नाही हे वरच्यांना कळलं तर पंपावरून काढतील, आणि नाही कळलं तर पंपावरच मरेन.

शुक्रवार, २५ जानेवारी

हे लिहावं की नाही, सकाळपासून ठरवतो आहे.

पूजेला बसलो होतो. ही नेहमीसारखी दुधाची वाटी घेऊन आली, माझ्या नाकाशी धरली, "बघा हो." मी वास घेतला, मान हलवली, नैवेद्य दाखवला. लग्नानंतर थोड्या वर्षांत ही रीत सुरू झाली. हुंगलेलं देवाला चालत नाही म्हणतात, पण हिच्या माहेरची असेल असं मी धरून चाललो. देवाचं दूध घरधन्याने आधी पारखायचं — मला आवडायची ती रीत.

पूजा झाल्यावर मन मोकळं केलं. म्हटलं, काय करू? शपथेत एक वाक्य आणखी आहे, ते मी तुला कधी सांगितलं नाही. जो नाव फोडेल, त्याच्या घरात ते दुखणं वस्तीला येईल. आपली क्षमा पुढच्या महिन्यात बाळंतपणाला यायची आहे.

ही चूल सारवत होती. हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपल्या घरात ते वस्तीला येऊन बावीस वर्षं झाली."

मला कळलंच नाही.

मग तिने सांगितलं. क्षमा पोटात राहण्याआधीच्या थंडीत हिचं डोकं असंच धरलं होतं. मीच थेंब घातले होते, याच हाताने. डोकं उतरलं. वास गेला, तो परत आला नाही. भाजी करपली तर धुरावरून कळते. भात झाला की नाही ते आवाजावरून. क्षमा तान्ही असताना तिने घाण केली की शेजारची प्रेमावहिनी येऊन सांगायची. आणि दूध — दूध माझ्या नाकाशी.

"क्षमेच्या डोक्याला कसला वास यायचा हो?" तिने विचारलं. "सगळ्या बाया म्हणायच्या, तान्ह्या पोराच्या डोक्याला वास येतो."



विचारलं, मला एका शब्दाने का बोलली नाहीस? तर म्हणाली, "सांगायला यायचं नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत."

जेवलो नाही. हिनेही आग्रह केला नाही.

रविवार, २७ जानेवारी

दारात पाच माणसं थेंबांसाठी आली होती. एक तर मुलुंडहून. अंगात कसर आहे सांगून परत पाठवलं. देवीच्या कामाच्या दिवशी खोटं!

सोमवार, २८ जानेवारी

वखारीतल्या श्यामकांतला सहा वर्षांपूर्वी थेंब घातले होते. आज नेम मोडून त्याला विचारलं. त्याचं नाक तिखट आहे. सागाची फळी कुठली, शिसवाची कुठली, डोळे मिटून सांगतो. क्षणभर हायसं वाटलं. मग जास्तच घाबरलो. म्हणजे एकाचा जातो, एकाचा राहतो. किती जणांचा गेला? मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी दार उघडलं, आणि मागे काय झालं ते एकदाही पाहिलं नाही. त्याला मी निष्काम सेवा म्हणत होतो.

मामा वाईट नव्हते. त्यांनाही कोणी येऊन सांगितलं नसणार.

मंगळवार, २९ जानेवारी

देवीपुढे बराच वेळ बसलो. नाव फोडलं तर तुझ्या हातचा गुण जाईल, असं मामा म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं याच गोष्टीचं भय होतं. आज म्हटलं, जाऊ दे. तो माझ्या हातून काढून घे. क्षमेला सांभाळ.

कौल लावला नाही. उत्तर काय हवं ते मला ठाऊक होतं, मग देवीला कशाला कोड्यात टाकू?

ही म्हणाली, मी पण येते डॉक्टरांकडे. माझं काही व्हायचं नाही, पण त्यांना बघू द्या, इतक्या वर्षांनी आत काय उरतं ते. पोराच्या उपयोगी पडेल.

बुधवार, ३० जानेवारी

आम्ही तिघे गेलो. डब्यात होती तेवढी सगळी फळं डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि नाव सांगितलं. लवूसमोर, हिच्यासमोर. डॉक्टरांनी कागदावर उतरवून घेतलं. रविवारी दारात येतील त्यांनाही हेच सांगणार आहे, आणि आजवर ज्यांना घातले त्यांना शोधून विचारणार आहे.

इथेही लिहितो. देवडांगरी.