पाहायचं राहिलेलं बेट

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार

अबोलीने आज तिकीटच आणून हातात ठेवलं. फैलका बेटाच्या लाँचचं, सत्तावीस तारखेच्या शुक्रवारचं. म्हणाली, "आई, आता निमित्त नाही चालणार."

निमित्त! ह्यांनीही काढली होती तिकिटं, दोन — ३ ऑगस्ट १९९०, शुक्रवार. गुरुवारी पहाटे कुवेत शहरात इराकचे रणगाडे शिरले. मग बसने बगदाद, अम्मान, तिथून विमानाने मुंबई. दहा वर्षांची अबोली आणि एक पिशवी. ब्याण्णव साली कंपनीने ह्यांना परत बोलावलं, तेव्हा सावंतवाडीला सगळे म्हणाले, आता कशाला जाता मरायला? हे म्हणाले, "बेट बघायचं राहिलंय. ते बघितल्याशिवाय कुवेत सोडायचं नाही."

थट्टाच ती. पण घरात तो नियम झाला. कायमचं परत जायचं म्हटलं की हे विचारायचे, बेट बघून झालं का? बेट तर लढाईनंतर बंद. लोकांना जाता येऊ लागलं तोवर हे गेले होते.

त्यालाही पाच वर्षं होतील. नियम मी पाळतेय.

१५ फेब्रुवारी, रविवार

शाळेच्या लायब्ररीत कव्हरं घालताना ग्रीसच्या बेटांचं जाड पुस्तक हाती आलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अबोलीच्या पुस्तकांवरून शिकले, तिच्या मागून एकेक इयत्ता. अजून एका पानाला दहा मिनिटं लागतात. पांढरी घरं, निळी दारं, गाढवावरून चढ चढायचा, संध्याकाळी सूर्य बुडताना बघायचा — काय पाहावं, काय करावं, सगळं लिहिलेलं. आणि शेवटी दोन ओळींत आमचं फैलका! सिकंदराची माणसं इथवर आली, बेटाला त्यांच्याकडच्या एका बेटाचं नाव दिलं आणि देऊळ बांधलं.

इथल्या राई भागात गॅरेजमधल्या आपल्याकडच्या पोरांनी खोलीच्या दारावर 'कणकवली' लिहिलंय, तसंच म्हणायचं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांची यादी सापडली, खिशातल्या डायरीत. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसणे. पाण्यात पाय (हिला ओढून नेणे). झुबेदी खाणे — म्हणजे आपलं पापलेटच, पण बेटावरचं. मग ग्रीक देऊळ. त्यापुढे लिहिलंय, 'हे सगळ्यात शेवटी, घाई न करता.'

अबोलीने वाचली. डायरी मिटून परत दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

अबोलीचं कॅनडाचं विमान १८ मार्चला. माझेही कागद तिने तयार करून ठेवलेत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर उभी असते, तरी हे सगळं केलं पोरीने. तिचं एकच म्हणणं, बेट बघ, मग निघू.

माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, शाळेच्या नोकरीवर आहे. राहायला अडचण नाही. पण तिला तोंडावर नाही कसं म्हणू? तिचेही बाबाच होते ते.

दुपारी दोनला ह्यांची गाडी यायची. अजून दोन वाजले की मी गॅलरीत जाते. सुट्टीच्या दिवशी तर नक्कीच. टोरांटोत दोन वाजता कुठे जाऊ?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

अबोलीला अचानक ड्यूटी लागली. एकटीच गेले.

लाँचवर तिकीट तपासणारा महबूब, रत्नागिरीकडचा. नव्या तिकिटाबरोबर जुनी दोनही त्याच्या हाती गेली. "मावशी, ही अल्लादीनच्या काळातली!" मग सांगितलं त्याला सगळं. त्याने तिकिटं उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "दोन्ही फाडू?"

"एकच."

त्याने एकाचा कोपरा फाडला. दुसरं नीट घडी करून परत दिलं.

वरच्या मजल्यावर बसले. वाऱ्याने पदर आवरेना. बेटावर शाळेला खिडक्या नाहीत, भिंतींवर गोळ्यांची भोकं, आणि रस्त्यात उंट उभे. पाण्यात पाय घातले — कोणी ओढून न नेता. गार! झुबेदी खाल्लं. मालवणच्या पापलेटाची सर नाही, लिंबू मात्र चांगलं होतं.

शेवटी देवळाकडे. जाळीचं कुंपण, आत खांबांचे दोन बुंधे आणि दगडांच्या रांगा. फाटकाजवळ एका दगडावर अर्धा तास बसले. लाँचचा भोंगा झाला तशी उठले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

अबोलीने सगळं ऐकून घेतलं. उंटांना हसली. तिकिटाचं ऐकून डोळे पुसले. मग, "आणि देऊळ?"

मी म्हटलं, खोदकाम चाललंय. वर्षभर आत सोडणार नाहीत.

ती बघत राहिली माझ्याकडे. मी मटार सोलत होते. मग म्हणाली, "ओके, आई."

संध्याकाळी माझ्या कागदांची फाईल तिच्या बॅगेतून निघून कपाटात गेलेली दिसली.

१८ मार्च, गुरुवार

विमानतळावर रडायचं नाही असं दोघींनी ठरवलं होतं. जमलं बऱ्यापैकी. लाडू हातातल्या बॅगेत, लोणचं मोठ्या बॅगेत. आत जाता जाता परत फिरली, गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "देऊळ उघडलं की कळव हं. घाई नाही."

२० मार्च, शनिवार

अबोलीचा फोन. पोहोचली. बर्फ आहे म्हणते.

देवळाचं फाटक उघडंच होतं त्या दिवशी. आतल्या एका बाईने हातही केला मला, या म्हणून.