कॉटवरचा नट

४ जुलै २०१९, गुरुवार
सकाळी पाऊस. मयेहून बस धरून डिचोलीला गेलो. बँकेत पासबुक भरून घेतलं. बाजारात काही घेतलं नाही. बसस्टँडवर मनीषा टीचर भेटल्या. त्या नर्सिंग कॉलेजात मानसिक आजारांचा विषय शिकवतात. इंजेक्शन शिकायला मुलींना रबराचा पुतळा चालतो, पण पुतळा उदास होत नाही. म्हणून त्यांना पेशंटचं काम करणारी माणसं हवी आहेत. म्हणाल्या, "काका, तुम्ही देवळाच्या नाटकांत होता ना?"
होतो म्हणालो. होतोच. विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करायचो, पण तेवढं खुलासेवार त्यांनी विचारलं नाही.
हो म्हटलं ते वेळ जात नाही म्हणून नव्हे. वेळ उत्तम जातो. संध्याकाळी मडगावहून लेकीचा, अंकिताचा फोन. घर बंद करा आणि माझ्याकडे या, हेच. तिची आई गेल्यापासून तिला वाटतं की मी बरा नाही. मी आता कामात आहे, असं कळवलं.
उद्यापासून पहाटे उठून आवाजाचा व्यायाम.

५ जुलै
पाऊस होता. व्यायाम उद्यापासून.

९ जुलै, मंगळवार
पहिला प्रयोग. खोलीत एक कॉट, एका बाजूला काच, काचेमागे मनीषा टीचर. माझी भूमिका अखंड बडबडणाऱ्या माणसाची. त्यानं मयेचं तळं विकत घेतलंय आणि त्यावर तो मोप्याला होणाऱ्या विमानतळापेक्षा मोठा विमानतळ बांधणार आहे. येरझाऱ्या घालायच्या, मध्येच गायचं. मी कॉटवर बसून म्हणालो, "तळं मी घेतलंय." मग थांबलो. टीचर मोठ्यानं बोला म्हणाल्या. मी सांगितलं, याचा आजार आतल्या आत आहे.
समोर नर्स म्हणून पेडण्याची विद्यार्थिनी गौरवी होती. ती प्रश्न विसरली आणि पंख्याकडे बघत राहिली. मला राहवेना. तोंडाआड हात धरून म्हणालो, झोप लागते का विचार. तिनं विचारलं. मी उत्तर दिलं. मग पुढचा प्रश्नही सांगितला. टीचर काचेमागून बाहेर आल्या. पेशंटानं प्रश्न सांगायचे नसतात म्हणाल्या. मला ही चूक वाटत नाही. प्रयोग पडू दिला नाही.
इथे एक नियम आहे. काम संपलं की भूमिका उतरवायची. उभं राहून आपलं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, हा माणूस मी नव्हे. ते मी खणखणीत म्हटलं. हाच आवाज आधी हवा होता, असं टीचर म्हणाल्या. म्हणजे आवाज आहे, हे त्यांनाही मान्य.

१२ जुलै, शुक्रवार
आजचा माणूस संशयी. आपल्या खाण्यात विष घालतात असं त्याला वाटतं. गौरवीनं चहा-बिस्किटं पुढे केली. कप झिडकारायचा होता. दुसऱ्याच्या मुलीनं प्रेमानं दिलेला चहा झिडकारणं बरं दिसत नाही. घेतला. चांगला होता. आणखी आहे का विचारलं. टीचर कपाळाला हात लावून बसल्या होत्या, असं गोकुळदास सांगत होता. हा रिटायर्ड बस कंडक्टर, तोही तिथे पेशंट होतो. त्याला माझा हेवा वाटत असावा.

१६ जुलै, मंगळवार
गोकुळदासला ताप आलाय. त्याची भूमिका रिकामी आहे. बायको गेल्यावर बोलणं-खाणं सोडलेला माणूस. टीचर म्हणाल्या, काका, ही तुम्हाला नको. मी म्हणालो, नटाला सगळ्या भूमिका सारख्या. शिवाय त्या माणसाची बायको शांता. ती सहा महिन्यांपूर्वी गेली. माझी जानकी गेल्या गणेशचवथीनंतर गेली, म्हणजे तिला बरेच जास्त झाले. माणूस वेगळा, हे उघड आहे.
घरी येऊन तयारीला बसलो. दाढी करायची नाही. खिडक्या उघडायच्या नाहीत. फोन वाजू द्यायचा. बघतो तर सगळं आधीच झालेलं. काही जणांना अभिनय उपजतच असतो.

१८ जुलै, गुरुवार
यश. दोन मुली रडल्या. घंटा झाल्यावरही मी भूमिकेत बसून होतो. टीचरना आत येऊन, काका, वेळ संपली, म्हणून सांगावं लागलं. भूमिका उतरवताना आवाज जरा बसला. हवा दमट आहे.
अंकिताला मुद्दाम फोन केला. भूमिका कसली तेही सांगितलं.  ती म्हणाली, "बाबा, सोडा ते काम." घरच्या माणसांना कलेची कदर नसते. मुलींच्या परीक्षेलाही मीच बसणार आहे. यंदा देवळाच्या नाटकात विंगेत उभा राहणार नाही. मुख्य भूमिका मागायची.

२३ जुलै, मंगळवार
परीक्षा. ठरवून गेलो होतो, गौरवी अडली तरी सांगायचं नाही. ती अडली. मी ओठ आवळून बसलो. नापास होणार असं वाटलं. तिनं हातातला कागद खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि घरी बोलते तसं कोकणीत बोलली.
"काका, राती कितें जेवले?"
"पाव."
"आनी?"
"च्या."
"घरांत रांदता कोण?"
"जानकी."
कागदावर शांता होती. गौरवीनं चूक काढली नाही. जानकीकाकी काय काय रांधायची, एवढंच विचारलं.  डोळ्यांतून पाणी आलं. ते मी ठरवून आणलं, असं इथे लिहिणार होतो.
घंटा झाली. उभा राहिलो. मी सदाशिव, असं म्हणालो. पुढचं वाक्य पाठ होतं. सगळे थांबले होते. वाक्य तोंडातून बाहेर आलं नाही. शेवटी टीचर म्हणाल्या, "पुरे, काका. बसा."

२४ जुलै, बुधवार
मनीषा टीचर घरी आल्या. गौरवी पास. मला यापुढे भूमिका द्यायच्या नाहीत, असं ठरलंय. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, मी सोबत येते, म्हणाल्या. थोडक्यात, नट म्हणून काढलं, पेशंट म्हणून ठेवलं. वाद घालायचं मनात होतं. बरं म्हणालो.
नंतर अंकिताला फोन केला. मी बरा नाही, एवढंच सांगितलं. तिला रविवारी यायला सांगितलं.
पेज करायला घेतली. दोघांची असायची तेव्हा तांदूळ किती लागायचे ते ठाऊक नाही, एकट्याला किती ते तर नाहीच. एक मूठ घेतली, मग आणखी एक. पाणी कमी पडलं. पेज बुडाला लागली. वरवरची काढून मीठ घालून खाल्ली. टोप भिजत घातला.