तळमजलाच हवा

४ नोव्हेंबर, सोमवार

आज भाडं दिलं. घरमालकीण जिन्यातच नोटा मोजते आणि मोजताना ओठ हलवते, देवाचं नाव घ्यावं तसे. मनात म्हटलं, बाई, एवढ्या एकाग्रतेनं माझासुद्धा जप होत नाही.

पगाराचे तीन वाटे केले तर एक अख्खा हिच्या मुठीत. दुधाचं निदान दही होतं. भाड्याचं काय होतं? पुढच्या महिन्याचं भाडं!

वर तिची नजर भिंतींवरून फिरते. 'खिळा नाही ना ठोकला कुठं?' नाही हो. देवाची तसबीर अजून फ्रिजवरच आहे, बिस्किटांच्या डब्याला टेकून. कुणी फ्रिजचं दार आपटलं की देव पुढं झुकतात. रोज सकाळी आधी देवांना सरळ करते, मग हात जोडते.

ह्यांना म्हटलं, आपलं घर बघू या. म्हणाले, 'या शहरात माणूस घर घेतो ते बापाच्या जिवावर नाहीतर बँकेच्या. बाप राहिला नाही, आणि बँकेला माझा जीव द्यायचा नाही.' पेपर उघडला. विषय मिटला, त्यांच्यापुरता.

६ नोव्हेंबर

सासूबाई खोकताना उशी तोंडावर धरतात. आज पाहिलं. घसा दुखतो का विचारलं तर म्हणाल्या, 'खाली मालकिणीला ऐकू जातं.'

कळलं मला. ह्यांचा कारखाना इथं हलला, आम्ही मागचं घर विकून आलो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, सासूबाईंच्या नावावरचं. त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, 'माझ्या घरातून उठवलंत. आता उचलाल तेव्हा आपल्याच घरातून उचला. परक्याच्या दारातून मी जायची नाही.' आणि या खोल्या बघायला आलो त्या दिवशी मालकिणीनं त्यांच्या तोंडावर विचारलं, 'आजींची तब्येत बरी असते ना? मागच्या भाडेकरूंचे आजोबा इथंच गेले. पुढं कितीतरी दिवस जागा रिकामी राहिली माझी.' सासूबाई म्हणाल्या, 'निश्चिंत असा. तुमच्याकडं नाही जायची मी.'

तेव्हा सगळे हसलो होतो.

विकून आलेले पैसे बँकेत पडून आहेत. तिकडं ते घर होतं, इथं अर्धंही होत नाही. रोज थोडं आणखी कमी होतं, न खर्चताच.

७ नोव्हेंबर

चहातली साखर सोडली. घर होईपर्यंत. देवाला सांगितलं, ह्यांना नाही. ह्यांना वाटेल काटकसर.

१० नोव्हेंबर, रविवार

दलालाबरोबर हिंडले. ह्यांनी 'बघायला काय जातं' म्हणून परवानगी दिली आणि स्वतः झोपून राहिले. सासूबाई मात्र काठी घेऊन तयार!

दलालाचं नाव आम्ही 'होऊन जाईल' ठेवलं. गळतं आहे? होऊन जाईल. रस्ता नाही? होऊन जाईल. एका स्वयंपाकघरात मी शिरले तर त्याला बाहेर जावं लागलं, इतकं मोठं. म्हटलं, इथं जेवण कसं करायचं? 'होऊन जाईल, ताई.' दुसरं घर छान होतं, चौथ्या मजल्यावर, लिफ्टसकट. सासूबाई खालीच उभ्या राहिल्या. 'तळमजलाच हवा.' अहो, लिफ्ट आहे आई. 'असू दे. तळमजलाच हवा.' गुडघ्यांनी हैराण आहेत बिचाऱ्या, लिफ्टचा भरवसा वाटत नसेल.

१५ नोव्हेंबर

मिळालं. मिळालं म्हणजे दिसलं.

बसच्या शेवटच्या थांब्यावर, बर्फाच्या कारखान्यामागं. तळमजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागं एक पायरी — तिच्यावर बसून भाजी निवडता येईल एवढीच. विकणारे निवृत्त मास्तर आहेत, एकटेच, आता मुलीकडं जाणार. सकाळी बघितलं आणि दुपारी पुन्हा गेले. नळाला पाणी कसं येतं ते बघायला. धो धो येतं. मास्तर म्हणाले, 'बाई, तुमच्यासारखी तपासणी माझ्या शाळेचीसुद्धा झाली नव्हती.'

सासूबाईंनी खोल्या धड पाहिल्याही नाहीत. पुढच्या दारात काठी आडवी धरली, दोन्ही बाजूंनी किती उरतं ते बघितलं. 'रुंद आहे. बरं झालं.' होऊन जाईल लगेच म्हणाला, 'आजी, तुमचं कपाट सहज जाईल.' 'जाईल, जाईल,' म्हणाल्या. कपाट तर आम्ही तिकडंच विकून आलो.

१७ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना नेलं. वाटेत बसमध्ये तोंड एवढंसं. 'हप्ता म्हणजे निम्मा पगार. निवृत्त झाल्यावर कोण भरणार? तू?' मी म्हटलं, हो, मी. किराणा, वीज, भाजी, सगळं काढून दाखवलं, कुठं किती आवळता येईल ते. म्हणाले, 'एवढं आवळलंस तर श्वास कुठून घ्यायचा?'

धाकट्या बहिणीचा फोन आला तर तिचंही तेच. 'ताई, भाडेकरू सुखी असतो गं. नळ बिघडला तर मालकाला फोन.' म्हटलं, आमचा नळ बिघडला तर मालकीण आम्हालाच फोन करते, काय केलंत म्हणून.

आणि मग त्या घरात ह्यांनी काय केलं — स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं, पूर्वेकडच्या. दोनतीनदा. मास्तरांना नाही, मला म्हणाले, 'इथं खिळा बसेल.'

मी पायरी बघायच्या निमित्तानं मागं गेले. डोळे पुसून आले.

२० नोव्हेंबर

ठरलं. ३० तारखेला बयाणा. बँकेनं होकार दिला आहे. मास्तरांनी तोवर दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही म्हणून शब्द दिला.

सासूबाई खुशीत आहेत. ट्रंक उपसून बसतात. मला त्यांची लोकरी शाल दिली, ह्यांना सासऱ्यांचं घड्याळ. म्हटलं, आई, आवरायला अजून अवकाश आहे. 'आवरलेलं बरं.'

२३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी त्यांचे केस विंचरत होते. सहज म्हटलं, नव्या घरी जिना नाही, तुमच्या गुडघ्यांना आराम.

'गुडघ्यांसाठी कोण मागतंय? अगं, वरच्या मजल्यावरून चौघांना उतरवायला किती जड जातं. जिन्याच्या वळणावर तर फार हाल. तुझ्या सासऱ्यांना माडीवरून आणताना बघितलंय मी. म्हणून तळमजला. आणि दार रुंद हवं, तिरकं करायला नको.'

फणी हातात तशीच राहिली.

आई, असं काय बोलता?

'का? देवाशी बोलणं झालंय माझं. आपलं घर होईपर्यंत ठेव म्हटलं, त्यानं ठेवलं. आता घर झालं की माझं काही मागणं नाही. दिला शब्द पाळायचा. उगाच चिकटून राहायचं नाही.' जराही रडका सूर नाही. माहेरी निघालेल्या मुलीसारखा आवाज. 'आणि पुढच्या महिन्याची औषधं आणू नकोस. वाया जातील.'

काटकसर मी सासूबाईंकडूनच शिकले.

२४ नोव्हेंबर

देवांना सरळ केलं. हात जोडायला मात्र उभं राहवेना.

२६ नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. हसले. 'आई गेली वीस वर्षं जातेच आहे. माझ्या लग्नाआधी म्हणायची, सून बघितली की डोळे मिटते. मिटले? उलट तुझ्यावर वटारले.'

मलाही हसू आलं, पण टिकलं नाही. तेव्हा त्या पोटभर जेवायच्या. आता ताटात निम्मं तसंच राहतं. 'घर आवरताना पोटही आवरावं,' म्हणतात. डॉक्टरांकडं नेलं. म्हणाले, वयाच्या मानानं ठणठणीत. म्हणजे आजार नाही. तयारी आहे.

ह्यांचं ठीक आहे, हे देवाला नुसता नमस्कार करतात. मी मागते. मी घरासाठी साखर सोडली आणि देव ऐकतोय अशी माझी खात्री होती. त्यांनी घरासाठी मरण थांबवून धरलं. माझं ऐकतो आणि त्यांचं ऐकत नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणू? एकाच घरासाठी दोघींनी त्याला गळ घातली. एकीला त्यात राहायचं होतं. दुसरीला तिथून निघायचं होतं.

मग हे घर मी कुणाच्या मोबदल्यात घेतेय?

२७ नोव्हेंबर

भाजी आणायला म्हणून निघाले आणि बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत. मास्तर भिंतीवरच्या फळ्या काढत होते. 'या, आता तुमचंच आहे.' मागच्या पायरीवर बसले थोडा वेळ. समोर कारखान्याची भिंत, तिच्यावरून थंड वारा येतो. मला तोही आवडला. मला त्या घरातलं काही नावडेना. बघितलं शोधून.

लग्न झालं तेव्हा सासूबाईंचं घर, मग हे भाड्याचं. माझं म्हणावं असं दार मी कधी लावलंच नाही.

भाजी न घेताच परतले. ह्यांनी विचारलं, भाजी? म्हटलं, महाग होती.

२९ नोव्हेंबर

कालपासून एक काम धड होत नाही. दूध उतू गेलं. इतक्या वर्षांत नाही गेलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

मास्तरांचं टेबल. चेकबुक. ह्यांनी पेनाचं टोपण काढलं. सासूबाई खुर्चीत, स्वच्छ पातळ नेसून, हसऱ्या. आणि मी म्हटलं, 'मला नको हे घर.'

कुणाला ऐकूच गेलं नाही आधी. पुन्हा म्हटलं.

मास्तरांनी चष्मा काढला. हे म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, बर्फाच्या कारखान्याचा गारठा आहे, आईंना सोसणार नाही. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. मास्तरांची क्षमा मागितली. ते बिचारे मलाच पाणी द्यायला उठले.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांना नेमकं कळलं होतं.

बसमध्ये हे — 'तूच नाचत होतीस ना? मला उठवलंस, बँकेपुढं उभं केलंस, आणि आता?' भाव उतरतील, म्हटलं. 'कोण म्हणतं?' मी म्हणते. 'या शहरात भाव आणि आपल्या घरात आईचा आवाज, उतरलेला ऐकलास कधी?' मग खिडकीकडं तोंड केलं. खूप रागावले आहेत. असू देत. राग माझ्यावर आहे तोवर बरं.

२ डिसेंबर, सोमवार

भाड्याचा करार वाढवला. ह्यांना म्हणायचं होतं सहा महिने. मी दोन वर्षं लिहायला लावली. मालकिणीनं भाडं चढवलं ते चढवलं, वर पुन्हा विचारलं, 'आजी कशा आहेत?' म्हटलं, उत्तम. म्हणून तर दोन वर्षं.

वर आले तर सासूबाई दारातच. दोन दिवसांचा अबोला तिथंच सुटला.

'देवाच्या कामात हात घालतेस?'

देवाच्या नाही आई, दलालाच्या घातला.

'मला बोलण्यात गुंडाळू नकोस. माझं घर विकून बसलात आणि जायची वेळ आली तर दार मोडलंस. दोन वर्षं! तोवर मी काय करू?'

राहा.

'आणि तोवर भाव आणखी चढले तर?'

चढू देत. मग पाच वर्षं राहा.

त्या आत गेल्या. नंतर भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या. ताटाला हात लावला नाही.

३ डिसेंबर

ताट तसंच.

५ डिसेंबर

हे धास्तावले आहेत आता. 'तिनं खाल्लं का?' दर तासाला फोन. शेवटी सगळं पुन्हा सांगितलं, घर का नको म्हटलं ते. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, 'मला आधी नीट सांगायचंस.' सांगितलं होतं, असं मी म्हटलं नाही.

पण मन थाऱ्यावर नाही. घर तर गेलंच. मास्तरांकडं दुसरं गिऱ्हाईक येऊनही गेलं म्हणे. आणि या हट्टानं इथंच गेल्या तर? ज्या दारातून जायचं नाही म्हणाल्या त्याच दारातून, जिन्याच्या वळणावरून, आणि माझ्यावर रुसून. देवाला विचारते, मी त्यांना तुला दिलेला शब्द मोडायला लावला की तुझ्या मनातलंच केलं? तो फ्रिजवर उभा आहे. बिस्किटांच्या डब्याला टेकून.

६ डिसेंबर

दोन घास. मी बघत नाहीसं बघून.

९ डिसेंबर, सोमवार

सकाळी सासूबाई स्वतःहून स्वयंपाकघरात आल्या. चेहरा रागीटच. 'इथं जवळपास दातांचा डॉक्टर आहे का?' आठ वर्षांपूर्वी खालचे दात गेले तेव्हा हे कवळी करू या म्हणून मागं लागले होते, तर म्हणाल्या होत्या, किती दिवस राहिलेत आता, कशाला. आज म्हणतात, 'दोन वर्षं काय नुसतं मऊ गिळू? विचार जा.'

तशीच चपला घालून निघाले. कोपऱ्यावरच दवाखाना आहे, उद्याची वेळ घेऊन आले. खर्च किती येईल ते विचारायचं राहूनच गेलं. मी, आणि विचारायची राहिले!