फ्रिजला कुलूप लाव

सास्काटून, रविवार दुपार

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी घरी येणार आणि सगळ्यांबरोबर टेबलावरच जेवणार. "लारिसाला जरा जिभेवर ताबा ठेवायला शिकव," असं ओल्गामावशी तुला म्हणाली ना? तू लपवलंस, पण तारासदादाने सांगितलं.

तिला सांग, हा जिभेचा दोष नाही. तासाभरापूर्वी पोटभर जेवलेय आणि आत्ता लिहिताना भुकेने जीव कासावीस झालाय. पोट भरल्याचा निरोप माझ्या मेंदूला जन्मापासून पोचतच नाही. तिथल्या हार्मोन्सचाच घोळ आहे. जेवायला उशीर झाला की मी आरडाओरडा करते, तेही त्यातलंच. मावशीने एक दिवस असं जगून दाखवावं.

इथे माझ्यासारखाच आजार असलेल्यांच्या वसतिगृहात स्वयंपाकघराला कुलूप असतं. पहिल्या दिवशी ते बघून तू गाडीत रडलीस, मला माहीत आहे. आता रडू नकोस. कुलूप दिसलं की माझं डोकं शांत होतं. काही मिळणार नाही हे पक्कं असलं की शोधत फिरावं लागत नाही. मग मी पत्ते खेळते आणि सगळ्यांना हरवते.

तेव्हा मी यायच्या आत फ्रिजला कुलूप लाव. माझ्या ताटात बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी तूच मोजून वाढ. किल्ली मात्र मावशीकडे देऊ नकोस. चारचौघांत मला हावरट म्हणणारी तीच आणि दया येऊन माझ्या खिशात गुपचूप केक कोंबणारीही तीच. ताबा ठेवायला तिच्या हातांना शिकव.

तुझी हट्टी लेक,
लारिसा